पत्ता कोण देतं?

जर्मनीत यायचं ठरलेल्या मुलामुलींचे मला फोन येत असतात, कुणी कराडचं, कुणी लातूरचं, कुणाच्या मावशीने माझा नंबर दिलेला असतो. प्रश्न साधारण ठरलेले, थंडी किती असते, कुकर आणू का, तूरडाळ मिळते का. मी सगळ्याची उत्तरं देते पण त्याआधी एक प्रश्न मी विचारते, की बाळा जी खोली घेतली आहेस तिथे आनमेल्डुंग होणार आहे का? बहुतेकांना हा शब्दच माहीत नसतो. भाडं किती, स्टेशन किती लांब, बाथरूम शेअर्ड की वेगळी हे सगळं विचारून झालेलं असतं आणि नेमकं हेच राहिलेलं असतं.

आनमेल्डुंग म्हणजे आपण कुठे राहतो त्याची सरकारदरबारी नोंद. नवीन घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या ऑफिसात जाऊन ही करावी लागते, आमच्या श्टुटगार्टमध्ये त्या ऑफिसला ब्युर्गरब्युरो म्हणतात, बर्लिनमध्ये ब्युर्गरआम्ट. नाही केली तर १००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. पूर्वी याचे राज्याराज्यांचे वेगळे कायदे होते, १ नोव्हेंबर २०१५ पासून सगळ्या देशाला एकच कायदा आहे. आणि हे फक्त आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांसाठी नाही बरं का. समोरच्या गल्लीतून इकडे राहायला आलेल्या जर्मन आजीलाही तोच फॉर्म, तीच खिडकी, तेच दोन आठवडे. हे मला पहिल्यापासून फार आवडलं. आपल्याकडे परदेशी माणूस आला की त्याची नोंद वेगळ्या ऑफिसात, भाडेकरू आला की त्याचे कागद पोलीस स्टेशनला. इथे मी परकी असूनही माझी नोंद पोलिसांकडे नाही झाली, शेजाऱ्यांची जिथे होते तिथेच झाली.

टर्मिन मिळणं ही मोठ्या शहरांतली खरी कटकट. टर्मिन म्हणजे अपॉइंटमेंट, इथले सगळे भारतीय आता हाच शब्द वापरतात. बर्लिनमध्ये शहरातल्या कुठल्याही ब्युर्गरआम्टमध्ये गेलं तरी चालतं म्हणून लोक सकाळी लवकर उठून कुणी रद्द केलेला टर्मिन दिसतोय का ते बघत बसतात, आणि मग शहराच्या दुसऱ्या टोकाला जातात. दोन आठवड्यांत टर्मिन बुक केलेला असेल आणि तारीखच पुढची मिळाली असेल तर दंड झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही, बुकिंगचा ईमेल जपून ठेवायचा एवढंच. जर्मनीतल्या जर्मनीत घर बदललं तर आता बऱ्याच शहरांत ऑनलाइन होतं, पण भारतातून आलेल्याला पहिल्यांदा समोर जावंच लागतं.

काम स्वतः दहा मिनिटांचं असतं. पासपोर्ट, फॉर्म, लग्न झालं असेल तर लग्नाचा दाखला आणि त्याचं जर्मन भाषांतर. आणि एक कागद, ज्याच्यासाठी मी हा सगळा लेख लिहितेय, घर देणाऱ्याची सही असलेला. त्याचं नाव आहे व्होनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. एका पानाचा असतो, अमुक माणूस अमुक तारखेपासून माझ्या या घरात राहायला आला आहे असं मालकाने लिहून द्यायचं, बास. भाडेकरार दाखवून भागत नाही, हा वेगळा लागतोच. हा कागद मधली काही वर्षं बंद होता आणि २०१५ च्या कायद्याने परत आणला, कारण लोक खोटे पत्ते नोंदवत होते.

आता या एका पानावर पुढचं काय काय अवलंबून असतं ते बघा. नोंद झाली की काही आठवड्यांत पोस्टाने अकरा आकडी टॅक्स नंबर येतो, जन्मभराचा. तो नसेल तर कंपनी पगारातून सहाव्या वर्गाने कर कापू शकते, म्हणजे सगळ्यात जास्त, नंतर परत मिळतो पण पहिल्या पगाराला ज्याने गावी पैसे पाठवायचं कबूल केलंय त्याला नंतरचं काय सांगणार? बऱ्याच बँका नोंदणीचा दाखला मागतात. व्हिसा वाढवायचं ऑफिस कुठलं हे नोंदवलेल्या पत्त्यावरून ठरतं. विद्यार्थ्यांचं तर अजूनच, कारण व्हिसासाठी त्यांनी वर्षाचे ११,९०४ युरो एका बंद खात्यात आधीच भरलेले असतात, ज्यातून दरमहा ९९२ युरो सुटतात, पण ते सुटायला इथलं बँक खातं लागतं आणि खात्याला बरेचदा पत्ता लागतो. म्हणजे बापाने शेत गहाण टाकून भरलेले स्वतःचेच पैसे समोर दिसतात आणि हात लावता येत नाही. लायब्ररीचं कार्डही पत्त्याशिवाय होत नाही. मी माझा दाखला घेऊन तशीच मायलेंडर प्लात्झवरच्या त्या पांढऱ्या चौकोनी लायब्ररीत गेले होते, २०११ साली उघडलेली इमारत आहे ती, आत सगळं पांढरं आणि पुस्तकांचेच रंग. कार्ड हातात आल्यावर मला या शहरात आल्यासारखं वाटलं, नोकरीच्या पहिल्या दिवशी तसं काही वाटलं नव्हतं.

नावाचं एक सांगते कारण ते खास आपल्या महाराष्ट्राचं आहे. आपल्या पासपोर्टवर बहुतेकांच्या पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि बापाचं किंवा नवऱ्याचं अशी दोन्ही नावं असतात. इथले लोक ती दोन्ही आपलीच नावं समजतात, त्यांच्याकडे तशी पद्धत आहे, एका माणसाला दोन-तीन पहिली नावं असतात. त्यामुळे माझ्या नोंदीत, टॅक्सच्या पत्रावर, इन्शुरन्सच्या कार्डावर सगळीकडे माझ्या नावाला लागून दत्तात्रय आहे. समजावून सांगायचा प्रयत्न काहीजण करतात, पण पासपोर्टवर जे आहे तेच लिहिणार, आणि त्यांचंही बरोबर आहे. फक्त एक करावं, जे नाव नोंदीत गेलं तेच सगळीकडे ठेवावं, बँकेत एक आणि नोंदीत एक असं झालं की कागद एकमेकांना ओळखत नाहीत. बाबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. सांगलीच्या बाहेर ते फारसे कधी गेले नाहीत, आणि इथला पोस्टमन त्यांचं नाव असलेली पाकिटं घेऊन माझ्या दारात येतो, याचं मला दर वेळी बरं वाटतं.

आणि दारावरची पाटी! इथे फ्लॅट नंबर सहसा नसतो. घराचा नंबर असतो आणि खाली बेलवर आणि पेटीवर आडनाव असतं, त्यावरून पोस्टमन पत्र टाकतो, नाव नसेल तर पत्र परत. किती जणांचा टॅक्स नंबर असा परत गेलाय. ऑफिसात नोंद झाली पण पेटीवर नाव नाही, मग पत्राची वाट बघत बसतात. तेव्हा ज्या दिवशी किल्ली मिळेल त्या दिवशी कागदाच्या तुकड्यावर नाव लिहून चिकटपट्टीने लावा, पक्की पाटी नंतर होत राहील.

फॉर्मवर धर्माचाही रकाना असतो. त्याने आपले लोक दचकतात, इथे धर्म कशाला विचारतायत म्हणून. तर इथे चर्चचा कर सरकार गोळा करतं, म्हणून ज्या धर्मसंस्था असा कर घेतात त्यांच्यापुरताच त्याचा खरा संबंध असतो, हिंदू, बौद्ध, मुसलमान लिहिलं काय नाही काय त्याने आपल्याला कर पडत नाही. पण वसईचे, गोव्याचे कॅथलिक असतील त्यांनी नीट समजून भरावं. कॅथलिक लिहिलं की आमच्या राज्यात, बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये, आणि बायर्नमध्ये (म्हणजे बव्हेरियात) इन्कम टॅक्सच्या ८ टक्के आणि बाकी राज्यांत ९ टक्के चर्चकर सुरू होतो. पगाराच्या नाही, टॅक्सच्या टक्के. वसईचा माझा एक मित्र हे माहीत असूनही कॅथलिक लिहून आला, म्हणाला मी दर रविवारी जाणार आहे तिथे, मग द्यायला नको का. तो आता तिथल्या क्वायरमध्ये गातो.

आणखी एक पत्र सगळ्यांना येतं, रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं, महिना १८.३६ युरो, घरात टीव्ही असो नसो. नोंदणी ऑफिसकडून पत्ता कळतो म्हणून ते येतं. लोकांना फ्रॉड वाटतो आणि फेकून देतात. फ्रॉड नाही, भरायचं. एका घरामागे एकदाच असतं, चारजण मिळून राहत असाल तर एकाने भरायचं आणि बाकीच्यांनी त्याचा वर्गणीचा नंबर कळवायचा.

हे सगळं शिकता येतं हो, दोन-तीन लोकांना विचारलं की कळतं. न शिकता येणारी गोष्ट एकच, घरमालकाची सही.

मागे सोलापूरकडची एक मुलगी मास्टर्सला आली. श्टुटगार्टजवळच्या एका गावात तिला माळ्यावरची खोली मिळाली, भाडं रोख द्यायचं आणि मालकाने आधीच सांगितलेलं की नोंदणी करायची नाही. का, तर भाडं त्याला कुठे दाखवायचं नसेल, किंवा जागा राहण्यासाठी मंजूरच नसेल, कारणं अशीच असतात. तिला वाटलं ठीक आहे, नंतर बघू. पुढे खातं उघडेना, बंद खात्यातले पैसे सुटेनात, व्हिसाची तारीख जवळ यायला लागली. वडील फोनवर म्हणायचे मी पाठवतो अजून थोडे, आणि तिला माहीत होतं की थोडे कुठून येणार. कायदा तिच्या बाजूने होता. मालकाला सही नाकारता येत नाही, नाकारली तर भाडेकरूने ऑफिसात तसं कळवायचं असतं आणि दंड मालकालाही होऊ शकतो. पण डिसेंबरात, भाषा जेमतेम येत असताना, हातात दुसरी खोली नसताना ती कुठल्या तोंडाने तक्रार करणार? तक्रार केली की खोली जाणार. कायद्याने जबाबदारी नव्याने आलेल्या माणसावर टाकलीय आणि किल्ली ठेवलीय दुसऱ्याच्या खिशात, हे मला मनापासून चूक वाटतं. जिथे घरांचीच टंचाई आहे तिथे सही मागणारा आणि सही देणारा बरोबरीचे नसतात.

आमच्या मराठी लोकांच्या ग्रुपवर विषय निघाला तेव्हा एकाने चांगल्या मनाने लिहिलं की माझ्या पत्त्यावर करून टाक, राहायची गरज नाही, मी सही देतो. त्याला मी लगेच फोन केला. कारण जिथे राहायचं नाही तिथला पत्ता नोंदणीसाठी देऊ करणं हा वेगळा गुन्हा धरतात, त्याला ५०,००० युरोपर्यंत दंड आहे. आणि पैसे घेऊन असे पत्ते विकणारे लोक नेटवर बसलेलेच आहेत, नडलेल्या पोरांना बरोबर हेरतात. त्यांच्याकडून घेतलेल्या पत्त्यावर टॅक्सचं, बँकेचं, व्हिसाचं पत्र जाणार आणि आपल्या हातात कधी पडणार नाही, हा तोटा तर दंडाच्याही आधीचा आहे.

शेवटी झालं ते असं की ग्रुपमधलंच एक जोडपं, तीन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहणारं, त्यांनी त्यांच्या मालकाकडून लेखी परवानगी घेतली आणि एक खोली तिला खरोखर दिली. सही करायला घराचा मालकच असावं लागतं असं नाही, ज्याच्या नावावर भाडेकरार आहे आणि जो पुढे खोली देतोय तोही घर देणाराच धरला जातो. हे फार कमी लोकांना माहीत आहे. ती तिथे उन्हाळ्यापर्यंत राहिली, जिन्याची झाडलोट करायच्या आठवड्याची पाळीही करायची, आमच्याकडे श्वाबेनमध्ये, म्हणजे श्टुटगार्टच्या या भागात, तो नियम फार कडक पाळतात, आणि मग तिला हॉस्टेल मिळालं.

मी या सगळ्याकडे अशी का बघते याचं कारण सांगलीत आहे. आमच्या शिवारात दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या. कारखान्याच्या बाजूला कोप्या उभ्या राहायच्या, बायका पहाटे तीनला उठून भाकऱ्या टाकायच्या, लहान पोरं बांधावर. मार्चपर्यंत, कधी एप्रिलपर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धं वर्ष ही माणसं आमच्या गावात राहायची आणि आमच्या गावच्या कुठल्याही वहीत त्यांचं नाव नसायचं. रेशनकार्ड तिकडचं, शाळेतलं नाव तिकडचं, मतदान तिकडचं. माझ्या वयाची एक मुलगी दोन हंगाम आमच्या शाळेच्या खिडकीबाहेर उभी असलेली मला आठवते, बाईंनी एकदा आत बसवलं तर तिचं नाव हजेरीत कसं घालायचं यावर चर्चा झाली. आता शिक्षण हमी कार्ड वगैरे आलंय, रेशनही दुसरीकडे उचलता येतं, चांगलंच आहे. पण तेव्हा नव्हतं. आमचा पत्ता आम्हाला पणजोबांपासून आयता मिळालेला, लाइटचं बिल अजून आजोबांच्या नावाने येतं, आणि ती माणसं आमचाच ऊस तोडून आमच्यात कुठेच नव्हती. म्हणून मी जेव्हा इथे बघते की कुणीही असो, दोन आठवड्यांत त्याचं नाव गावच्या वहीत चढलंच पाहिजे असा कायदा आहे, तेव्हा मला तो जाच वाटत नाही.

हेही खरं की ही वही नेहमी भल्या हातांत नव्हती. १९३८ च्या जानेवारीत नाझी सरकारने देशभर एकसारखी सक्तीची नोंदणी लावली, १९३९ च्या मे महिन्यातल्या जनगणनेत प्रत्येकाच्या चारही आजी-आजोबांत ज्यू कोण होतं हे विचारणारं वेगळं कार्ड होतं. १ डिसेंबर १९४१ ला याच श्टुटगार्टच्या नॉर्डबानहोफ स्टेशनवरून सुमारे १००० ज्यू माणसांना गाडीत भरून लाटव्हियातल्या रिगाला पाठवलं, त्या स्टेशनापाशी आता स्मारक आहे, भिंतीवर नावं आहेत. शहरात चालताना फुटपाथमध्ये पितळेचे छोटे दगड दिसतात, गुंटर डेमनिश नावाच्या कलाकाराने सुरू केलेले, त्यावर 'इथे राहत होते' असं लिहून खाली नाव, जन्मसाल आणि पुढे काय झालं ते. त्या त्या माणसाच्या शेवटच्या, स्वतः निवडलेल्या घरासमोर ते बसवतात. आणि तेव्हा नाझींच्या ताब्यात असलेल्या ॲमस्टरडॅममध्ये २७ मार्च १९४३ ला विलेम अरोंडेउस हे डच चित्रकार आणि त्यांच्या साथीदारांनी नोंदणी ऑफिसलाच आग लावली, माणसं सापडू नयेत म्हणून, हजारो कार्डं जळली, आणि जुलैत अरोंडेउसना गोळ्या घातल्या. कुणी जर्मन सहकारी आपला पत्ता सांगताना जरा जपून असेल तर त्याच्यामागे हे सगळं आहे. १५ डिसेंबर १९८३ ला कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाने निकाल दिला की आपल्या माहितीचं काय व्हावं हे ठरवायचा हक्क ज्याचा त्याचा. त्या निकालाचा फायदा आपल्यालाही आहे. पत्त्यांची पुस्तकं छापणाऱ्यांना किंवा राजकीय पक्षांना आपला पत्ता द्यायला नोंदणीच्या वेळीच नकार देता येतो, आणि मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून निघून आलेल्या बाईला आपला पत्ता कुणालाही मिळणार नाही अशी बंदी घालून घेता येते. आपल्या बायकांना हे माहीत असायला हवं, म्हणून मुद्दाम लिहितेय. अशा घरात कुणी असेल तर खिडकीवर बसलेल्या माणसाला एवढं सांगितलं तरी पुरतं की मला धोका आहे, पुढचे कागद काय लागतील ते सांगणं त्यांचं काम आहे.

आई-बाबांबद्दल बरेच जण विचारतात. फक्त तीन महिन्यांच्या व्हिझिट व्हिसावर आलेल्या पालकांना नोंदणी लागत नाही, काळजी करू नका. आणि कायमचं परत जात असाल तर मात्र जायच्या आधीच्या आठवड्यापासून ते गेल्यावर दोन आठवड्यांपर्यंत नाव कमी करून घ्या, तो कागद मिळाला की टीव्हीची वर्गणी, इन्शुरन्स, फोन सगळं बंद करायला सोपं जातं.

मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारचा बाडेन-व्युर्टेंबर्गशी कुशल कामगार पाठवायचा करार झाला. म्हणजे आता नुसते इंजिनिअर नाहीत, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, नर्सचं शिक्षण घेतलेल्या मुली, गावाकडची मुलं, ज्यांचं इथे कुणीच नाही अशी येणार. त्यांना भाषा शिकवतायत, उत्तम. माझी त्या वर्गांच्या शिक्षकांना कळकळीची विनंती आहे की एक तास या कामाला द्या. करार करण्याआधी मालकाला लेखी विचारायला शिकवा की नोंदणीचा कागद देणार का, आणि उत्तर 'नाही' असं आलं तर खोली कितीही स्वस्त असली तरी सोडायला सांगा. जी कंपनी बोलावतेय तिलाच पहिल्या तीन महिन्यांची नोंदणी होईल अशी जागा द्यायला लावा, करारात तसं लिहून घ्या, कारण मालकापुढे एकटं पोरगं उभं राहण्यापेक्षा कंपनी उभी राहिली तर सही लगेच होते. आणि इथे जे आपण आधीपासून आहोत, ज्यांच्याकडे एक खोली रिकामी आहे, त्यांनी आजच मालकाला विचारून ठेवा की कुणाला काही महिने ठेवलं तर चालेल का. सहीचा फॉर्म प्रत्येक शहराच्या साइटवर फुकट आहे, तो छापून वर्गात सगळ्यांकडून एकदा भरून घ्या, नाव पासपोर्टवर आहे तसंच.